डाळिंबी साडी

कर्जतजवळच्या मालनबाईंनी सोळा वर्षं निळ्या रंगाशिवाय साडी नेसली नव्हती. नवस नव्हता की काही नव्हतं, कारण होतं कोंबड्यांचं. अंड्याच्या कोंबड्या लई भित्र्या. अनोळखी रंग दिसला की शेडच्या कोपऱ्यात एकीवर एक पडतात आणि खालच्या गुदमरतात. पहिल्याच वर्षी मालनबाई लग्नाहून आल्या त्या तशाच पिवळ्या साडीत आत शिरल्या, चाळीस पक्षी गेले. तेव्हापासून शेडात निळी, बाजारात निळी. सारखं बदलत कोण बसतंय, असं त्यांचं म्हणणं.

यंदा कुक्कुटपालकांच्या राष्ट्रीय संघटनेचं अधिवेशन नगरला ठरलं आणि सत्काराचं पत्र आलं ते थेट मालनबाईंच्या नावानं. नवरा बन्सी, एरवी पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः न घेणारा, तालुक्याला जाऊन डाळिंबी साडी घेऊन आला. मालनबाईंनी ती अंगाला लावून पाहिली आणि मनातलं बोलून गेल्या.

"ज्यांच्या जिवावर मान मिळतोय, त्यांनाच मी अशी नटलेली दिसायची न्हाई."

बन्सी हसला नाही. कान खाजवत बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी पाहतात तर साडीत ब्लाउजपीस नाही. मालनबाईंनी दुकानदाराचा असा उद्धार केला की काही विचारू नका. बन्सी जाऊ दे, जाऊ दे म्हणत राहिला. त्याच आठवड्यात अंडी घटली. मालनबाईंनी लगेच गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर येऊन गेले, रोग काही सापडला नाही, आणि दहा दिवसांत अंडी आपोआप पूर्ववत झाली.

निळ्याच ब्लाउजवर डाळिंबी साडी नेसून त्या नगरला गेल्या. शाल मिळाली, फोटो निघाला. टाळ्या पडत होत्या तेव्हा बाईंना आठवत होती ती त्यांची लंगडी कोंबडी, रोज सकाळी निळ्या साडीचा काठ टोचणारी.

चारच्या सुमाराला परतल्यावर त्या कपडे बदलायला निघाल्या, तर बन्सीनं वाट अडवली.

"तशीच चल आत."

"येड लागलं का तुमाला? चाळीस गेल्या त्या इसरलात?"

बन्सीनं खिशातून घाणीनं माखलेलं डाळिंबी कापड काढलं. दुपारचं खाद्य टाकायचं काम त्याचं. महिनाभर रोज दुपारी त्यानं ते आधी लांबच्या जाळीला बांधलं, मग जवळच्या, आणि शेवटी गळ्यात घालून तो कोंबड्यांमध्ये फिरला.

"अंडी घटली ती माझ्यामुळं. तुला सांगितलं असतं तर तू फिरू दिलं असतंस व्हय?"

मालनबाई दार उघडून आत गेल्या. कोंबड्यांनी माना वर केल्या, पाहिलं, आणि पुन्हा खाली घातल्या. लंगडी कोंबडी लंगडत आली आणि डाळिंबी काठ टोचू लागली.

"वळखलं मला," मालनबाई म्हणाल्या, आणि नवी शाल डोळ्यांना लावून रडल्या.