भिंगरीवर माझा संशय

मित्रांनो, मी आज जे सांगणार आहे, त्यावर तुमचा मुळीच विश्वास बसणार नाही. मी एक जुनी, तीन पायांची तिवई आहे आणि एकदा मी स्वतःच्या पायांनी चालले आहे!

सुताराने मला उरल्यासुरल्या लाकडातून घडवलं आणि एक पाय आखूड ठेवला. मुद्दाम, असा माझा संशय आहे. पुढे मी शिवणकाम करणाऱ्या एका आईच्या घरी आले. गिऱ्हाइकं माझ्यावर बसून माझी वाहवा करत. मग नव्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी ओट्याखाली झाली. तिथून मी सगळ्यांवर नजर ठेवते, विशेषतः आईच्या चार वर्षांच्या लेकीवर, भिंगरीवर. ती बघा, तुमच्यातच पुढे बसली आहे, साळसूदपणे! एरवी मला हात लावायची तो फक्त वरच्या बिस्किटांच्या डब्यासाठी.

त्या दुपारी आईच्या हातून कात्री गळून पडली. कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या गेल्या होत्या! कापड संपलेलं आणि संध्याकाळी गिऱ्हाईक दारात. आई तोंड झाकून रडू लागली.

भिंगरीने आपली बाहुली तिच्या मांडीत कोंबली.

“आत्ता नको गं! जा तिकडे!” आई ओरडली.

भिंगरी मागे सरली. ती ओट्यापाशी आली. वाटलंच होतं मला! आईचे डोळे झाकलेले आणि मी आयती हाताशी. पण तिने डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग तर माझा संशय आणखी बळावला.

आणि तेव्हाच, मित्रांनो, मी चालू लागले! टुकटुक करत थेट आईशेजारी. भिंगरी माझ्यावर बसली.

“आता काय हवंय? बिस्कीट?” आईलाही संशय आलाच.

“काही नको. मी पडले की तू नुसती जवळ बसतेस ना? तशी बसलेय. तू रड.”

आई रडता रडता हसली. “तुझ्यावर उगीच ओरडले गं.”

“झालं रडून?”

“झालं.”

एका हातात भिंगरीचा हात धरून आईने दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकाला फोन लावला आणि झालेली चूक सरळ सांगून टाकली.

तेव्हा मित्रांनो, मोठ्या माणसाचं रडणं कसं सांभाळावं, हे त्या पोरीला शिकवलं कुणी? मीच! म्हणून सांगते, जुन्या तिवईला अडगळ समजू नका, अधूनमधून पुसत जा. मी त्या दिवशी चालत गेले नसते, तर...

“खोटं! तू कुठे चालत गेलीस? मीच ओढत नेलं तुला! फरशीवर ओरखडा आहे, बघ!”