रेड्याच्या चित्राची बाटली

पुवाचा वास एकदा नाकात बसला की साबणानं जात नाही. राजारामपुरीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी विश्वजितच्या कुल्ल्यावरचं गळू चिरलं, तेव्हा मी पडद्याच्या अलीकडे उभा होतो. वाटीभर निघाला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. वर्गाच्या ग्रुपवर ऋतुराजनं स्वतःच्या दंडाचा अजून एक फोटो टाकला होता. मला दोन्हींची सारखीच किळस आली.

मी आणि विश्वजित एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, एकाच खोलीत राहणारे. तो शाहूवाडीकडचा. घरी म्हशी, लहानपणापासून दुधावर वाढलेला, पण अंगाला एक थेंब लागला नव्हता. वर्गात त्याचं नाव पडलं चिपाड. उसाचा रस काढल्यावर उरतं ते. नाव ऋतुराजनं ठेवलं, वापरलं आम्ही सगळ्यांनी. माझे दंड त्याच्यापेक्षा बोटभर जाड होते, तेवढ्या भांडवलावर मी हसणाऱ्यांत बसायचो.

ट्रॅडिशनल डेला पोरांचं रील करायचं ठरलं. उघडं अंग, धोतर, खांद्यावर गदा. कोण चालेल ते ठरवायला ऋतुराजनं आम्हाला रिकाम्या वर्गात शर्ट काढून ओळीनं उभं केलं. बाजारात बैल बघतात तशी एकेकाची पाठ थोपटली. शिकलेली, मिशा फुटलेली माणसं आम्ही, आणि एकानंही त्याचा हात झटकला नाही! दारात पोरी खिदळत होत्या.

"चिपाडा, तू कॅमेरा धर. वाऱ्यानं उडशील," ऋतुराज म्हणाला. माझ्यापुढं येऊन थांबला. "तुझं बघू. अजून महिना हाय."

त्या रविवारी विश्वजित गावाला जाऊन आला तो इंजेक्शनच्या दोन बाटल्या घेऊन. लेबलवर रेड्याचं चित्र.

"बानं रेड्याला आणल्यात. दिवाळीच्या पाडव्याला मिरवायचा हाय न्हवं," तो म्हणाला. "आठ दिसांत रेडा नुसता तुकतुकाय लागलाय बघ. एक तुझी, एक माझी."

"आधी तुझी फोड," मी म्हणालो.

"माझा हात मागं पोचत न्हाय. तू टोच."

मी टोचलं. पंधरा दिवसांत तीन वेळा. सुई तीच, गीझरच्या पाण्यानं धुतलेली. दर वेळी तो आरशापुढं उभा राहून दंडाला टेप लावायचा आणि विचारायचा, "फुगलाय का रं?" मी म्हणायचो, "फुगलाय की." एक सूतही फुगलेला नव्हता. माझी बाटली कपाटात कपड्यांखाली तशीच होती.

मग सूज आली, पण दंडाला नाही. त्याला बसता येईना, ताप चढला. चार दिवस त्यानं मला शपथ घालून गप्प ठेवलं. "रील हुंदे, मग बघू," म्हणायचा. रिलात तो नव्हताच, तरी म्हणायचा. पाचव्या दिवशी सकाळी त्याला हुडहुडी भरली, तेव्हा रिक्षात आडवा घालून दवाखान्यात आणला.

"कुणी टोचलं हे?" डॉक्टर ओरडले.

"मीच," पालथा पडलेला विश्वजित म्हणाला. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे वडील, कृष्णातकाका, आले. हातात डबा, पायाला शेण वाळलेलं. डॉक्टरांनी खोलीवरून मागवून घेतलेली बाटली दाखवली, ती काकांनी लगेच ओळखली.

"रेड्याला टोचायची तरी डाक्टर बोलावतो की रं आमी," ते पोराला एवढंच म्हणाले. मग माझ्याकडं वळले आणि चक्क हात जोडले. "तू हुतास म्हणून वाचला. न्हायतर पाय गेला असता म्हणत्यात. बस, आईनं आंबोळ्या दिल्यात, खाऊन घे."

डब्याचं झाकण उघडलं. त्या जोडलेल्या हातांपुढं गप्प राहणं मला जमेना.

"काका, मी टोचलं. तिन्ही वेळा."

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसावी असंच वाटत होतं. त्यांनी डबा खाली ठेवला आणि माझा दंड धरला.

"आन् तू? तू बी घितलंस? कवा? वळ, दाव बघू मला. डाक्टर, ह्येला बी बघा!" ते घाबरून माझा शर्ट वर ओढायला लागले. माझ्या अंगावर कुठंच टोचल्याची खूण नव्हती.

"मी नाही घेतलं."

"का? तुला बाटली न्हवती?"

"होती." थुंकी गिळली तरी तोंडातली घाण जाईना. "आधी त्याला गुण येतोय का, ते बघत होतो."

काकांचा हात माझ्या शर्टावरून सुटला. आवाज जराही चढला नाही.

"बरोबर हाय. नवी पेंड आणली की आमी बी आधी भाकड म्हशीला घालून बघतो."

पालथा पडलेला विश्वजित जागाच होता. इतका वेळ त्याचं तोंड माझ्याकडं होतं. त्यानं मान उचलली आणि भिंतीकडं वळवली.