शेंदराखालचे हाड

मित्रांनो, या शेंदराखाली मी एक जुना हाडाचा तुकडा आहे. बदलापूरच्या एका शाळेच्या मैदानात, कोपऱ्यातल्या चौथऱ्यावर बसलेला असतो. लोक मला देव म्हणतात. खरे तर मी एका डायनोसॉरच्या मांडीचे हाड आहे.

कोट्यवधी वर्षे मी चंद्रपूरकडच्या मातीत गाडलेला होतो. तिथेच माझा हळूहळू दगड झाला. एकदा नांगराला अडकलो आणि बांधावर फेकला गेलो. सुट्टीत बहिणीकडे आलेल्या विष्णुपंत सरांनी मला तिथून उचलले आणि धोतरात गुंडाळून बदलापूरला आणले.

सर याच शाळेत विज्ञान शिकवीत. १९८४ साली त्यांनी मला सातवीच्या वर्गात टेबलावर ठेवले आणि सरळ जीभ लावली. सगळा वर्ग "शी" म्हणाला.

"साधा दगड चिकटत नाही, असं दगड झालेलं हाड बहुतेक वेळा जिभेला चिकटतं," सर म्हणाले. "आत बारीक भोकं असतात ना. मी सांगतो म्हणून मानू नका, लावून बघा."

विठा नावाची मुलगी पुढे आली. तिचे वडील अंबरनाथच्या कारखान्यात कामाला होते. "चिकटतंय, सर," ती म्हणाली. माझ्या अंगावरचा फुगवटाही तिनेच शोधला.

"इथं हाड मोडून परत जुळलंय," सरांनी सांगितले. "म्हणजे पाय मोडल्यावरही हा प्राणी बरेच दिवस जगला."

माझे दुखणे कोणीतरी पहिल्यांदाच वाचले होते. मी सरांवर जीव टाकला.

पुढे बदलापुरात इमारती उठू लागल्या. शेजारच्या प्लॉटवाल्या मधुशेठने मैदानाच्या कोपऱ्यात पत्रे ठोकले. "एवढासा कोपरा, सर. पोरांना काय फरक पडतो? अॅडजस्ट करा ना," तो म्हणे. सरांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, पण कोणी दाद देईना.

मग एका सकाळी त्यांनी मला कपाटातून काढले. वाटले, वर्गात नेत आहेत. त्यांनी मला त्या कोपऱ्यात ठेवले, तेल-शेंदूर फासला आणि नारळ फोडला. मधुशेठ आला, हात जोडून परत गेला आणि दुसऱ्या दिवशी पत्रे काढून घेऊन गेला. मैदान वाचले. मुलांसाठी मी तेही सोसले. आज ना उद्या सर मला धुऊन आत नेतील, अशी खात्री होती.

त्यांनी नेले नाही. चौथरा झाला, मंगळवारी रांग लागू लागली, फुगवटा शेंदराखाली बुजला.

विठा त्याच शाळेत बाई होऊन आली, तेव्हा माझ्या आशेला पालवी फुटली. ती सरांना चौथऱ्यापाशी घेऊन आली.

"सर, मुलांना हाड दाखवायचंय. धुऊन आत नेऊ या का?"

"असू दे गं आता. लोकांच्या भावना असतात," सर म्हणाले आणि पुढे येताना त्यांनी चपला काढल्या.

मित्रांनो, तिथे मधुशेठ नव्हता. फसवायला कोणीच नव्हते. विठा त्यांच्या अनवाणी पायांकडे बघत राहिली. शेंदूर फासला तेव्हा मी सरांना माफ केले होते. त्या चपलांसाठी नाही करू शकलो.

विठाने वाकून माझ्या मागच्या बाजूचा थोडा शेंदूर नखाने खरवडला आणि तिथे जीभ लावली.

"अजून चिकटतंय, सर."

चपला हातात घेऊनच सर निघून गेले.

मैदानात खुशाल खेळा, ते तुमचेच आहे. फक्त जाताना मला हात जोडू नका. मागे नखाएवढी जागा अजून उघडी आहे. तिथे जीभ लावून बघा.