भेटीला येणारे

कॅन्सर लिव्हरपर्यंत पसरल्याचं कळलं, तेव्हापासून बेल्यातलं अर्धं गाव प्रमिलाला भेटून गेलं. येणारा प्रत्येक जण रडायचा आणि धीर द्यायची ती प्रमिलाच. आज शेजारच्या सोनाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आता आपला भाग येगळा होऊन नवं राज्य झालं, पोरी. मोठा दवाखाना येईन, तू बरी होशीन."

"होईन ना, मावशी," प्रमिला सवयीनं हसली.

त्या गेल्यावर प्रमिलाच्या सासूबाई मनकर्णाबाईंनी भरदुपारी दाराला कडी लावली.

"कोणी आलं तर?"

"झोपली म्हणून सांगीन. किती जणायची समजूत काढशीन? माह्यासमोर तरी हासू नको."

प्रमिलानं त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं. "आत्याबाई, पोरगी तीनच वर्षांची हाये वो," एवढंच बोलून ती पहिल्यांदा रडली. मनकर्णाबाईंनी तिला गप्प केलं नाही.