जुन्या तारेचा फाटा

आकांक्षाच्या पानातली कोलंबी गार झाली होती. जेवणाच्या टेबलावरच तिनं लॅपटॉप मांडला होता. चार वाजता मीटिंग. एका चिपकडून दुसरीकडे प्रचंड वेगानं माहिती नेणारी तांब्याची वाट तिनं बोर्डावर आखली होती, चिप तिच्या ऑफिसातल्या उन्मेषची. निम्म्या वेगाला सगळं सुरळीत, पूर्ण वेगाला चुकाच चुका. साहेबांनी दोष उन्मेषच्या माथी मारायचं जवळजवळ ठरवलंच होतं.

"हळू चालतं नि पळवलं की बिघडतं?" तिची सगळी तक्रार ऐकून नलूआजींनी विचारलं. टेलिफोन खात्यात, परळला, त्यांनी तीस वर्षं लायनी तपासल्या होत्या.

"हो. जेवते गं आजी, दोन मिनिटं."

"ब्रॉडबँड आलं तेव्हा लालबागच्या एका डॉक्टरांकडे अगदी असंच. फोनवर आवाज खणखणीत, इंटरनेट मात्र रखडायचं. मी मॉडेमवाल्याला दोनदा झापलं. शेवटी आमचा कोंडीराम लाइनमन खांबावर चढला. त्याच तारेचा जुना फाटा बंद मिलच्या टाइम ऑफिसात तसाच गेलेला. टोकाला फोनसुद्धा नाही. सिग्नल तिथवर जायचा, आपटून परत यायचा."

आकांक्षानं बोर्डाचा नकाशा उघडला. बोर्ड सोळा थरांचा. तिची तार तांब्यानं मढवलेल्या भोकातून उतरून तिसऱ्या थरावर वळत होती. भोक मात्र तळापर्यंत. खालचा तो बिनकामाचा तुकडा, मिलमधल्या फाट्यासारखाच, ड्रिलनं काढून टाकायचा असतो, आणि तशी खूण नकाशावर करावी लागते. कॉम्प्युटरवरच्या चाचणीत तिनं तो काढलेला धरला होता. कारखान्याला पाठवलेला नकाशा जुन्या, संथ बोर्डावरून उचललेला. त्यात खूणच नव्हती.

"माझंच आहे," ती म्हणाली. "मीटिंगमध्ये बघते कसं सांगायचं ते."

"तिथं आधी उन्मेषचं नाव निघेल," आजी म्हणाल्या. "त्या मॉडेमवाल्याला मी सॉरी म्हणायला गेले, तोवर त्याची बदली झाली होती."

साडेतीन वाजले होते. आकांक्षानं फोन लावला.

"उन्मेष, तुझी चिप ठीक आहे. घोळ माझ्या बोर्डात आहे."

"आता सांगतेस? सकाळपासून माफीनामा लिहितोय मी. तीन पानं झालीत, बाई."

"फाड. साहेबांना मी आत्ताच कळवते."

नवे बोर्ड यायला महिना लागणार होता. तेही तिनं मेलमध्ये पहिल्याच ओळीत लिहिलं, आणि पाठवून मग जेवायला बसली.