चंपतरावांचा डफ आणि कानाचा पडदा

मी चंपतरावांचा डफ बोलतोय. लाकडी कडं आणि त्यावर ताणलेलं बकरीचं कातडं, एवढाच माझा देह. नागपुरात, हिंगण्याच्या वाटेवरच्या दोन खोल्यांच्या घरात मी खुंटीवर राहतो. खडी गंमत, म्हणजे आमच्या विदर्भातला तमाशासारखा खेळ, असली की चंपतरावांच्या हातात असतो.

दमट हवेत माझं कातडं सैल होऊन उतरतं. मग चंपतराव मला निखाऱ्यांवर धरतात, टिचकी मारतात आणि कान देऊन ऐकतात. आवाज चढला की लगेच बाजूला घेतात. तीस वर्षांत त्यांचा अंदाज चुकला नव्हता.

गेल्या वर्षी त्यांचा डावा कान फुटला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण ठेका चुकू लागला, तसा गाणारा दुर्गेश सगळ्यांसमोर बोलला, "काका, गाणं कन्हानले अन् तुमचा डफ बुटीबोरीले!" कन्हान नागपूरच्या एका अंगाला, बुटीबोरी पार दुसऱ्या. लोक हसले. चंपतरावही हसले, पण पुढच्या गाण्यांना मला दबक्या हातानेच वाजवलं.

तेव्हापासून मला शेकून झालं की ते आपला कानही निखाऱ्यांकडे धरू लागले. एकदा टिचकीचा आवाज त्यांना ऐकूच आला नाही. मी जास्त तापलो आणि फाटलो. तरीही मला बाजूला ठेवून ते कान शेकत बसले.

त्यांची लेक भूमिका नर्सिंग शिकते. तिने ते पाहिलं.

"बाबा, हे काय करून राहिले?"

"कान उतरला वं. शेकून राहिलो."

तिने त्यांना डॉक्टरकडे नेलं. कानाच्या पडद्याला भोक होतं, लहानसं ऑपरेशन करून ते बुजवायचं होतं. चंपतराव ऐकेनात. "पडदा फाटला, खेळ संपला," म्हणत भिंतीकडे तोंड करून निजले.

संध्याकाळी भूमिका पुस्तक घेऊन त्यांच्या उजव्या कानाशी बसली. "बाबा, या पडद्याले टिंपॅनम म्हणतात. शब्द लॅटिन, पण ग्रीकांकडून घेतलेला. मूळ अर्थ हातात धरून वाजवायचा डफ. मग पाणी उपसायचं चाक, देवळाच्या दारावरची तिकोनी भिंत, अन् पुढं कानाचा पडदा."

मी खुंटीवर हरखलो. माझा गोतावळा एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं. चाक आमच्यातलं वाटतं, तेही गोल आहे. भिंत आमच्यात कशी आली, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

"या डफाचं कातडं किती खेपा बदललं?" भूमिकाने विचारलं.

"तीन."

"आता फाटला, तर फेकता त्याले?"

"फेकतो काहून? चौथं चढवू."

"मग कानाचं एकदाही नाही?"

चंपतराव भिंतीकडून वळून उठून बसले. मग म्हणाले, "डॉक्टरले सांग, कातडं नीट ताणजो म्हणा."

आता मला नवं कातडं चढलंय. मी सावलीत टांगलेला आहे. शेजारी खाटेवर चंपतराव कानाला पट्टी लावून बसलेले असतात. वाचणाऱ्यांनो, एवढंच मागतो: घरातल्या कुणाचा ठेका चुकू लागला, तर हसण्याआधी त्याच्या कानाची चौकशी करा. निखारे मला मानवतात, कानाला नाहीत.

दुर्गेश रोज दारातून विचारतो, "काका, झाला का डफ?"

चंपतराव एक बोट पट्टीकडे आणि एक माझ्याकडे दाखवतात. "थांब गा. दोन्ही वाळून राहिले."