जिभेचं पथ्य

"तोंड उघडा, बू," एन्दाह आईला म्हणाली.

वार्सिनाहने तोंड आणखी घट्ट मिटलं. चौसष्ट वर्षांची बाई, हातात पळी, आणि चेहरा दुधाच्या पातेल्याशी सापडलेल्या मांजरीसारखा. मी शेजारी, कुंपणापलीकडे, टेंपेच्या म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या केळीच्या पानात बांधत होते. मला हसू आवरेना.

"चाखलंत ना?"

"थेंबभर. लगेच थुंकले."

"थुंकून काय उपयोग? जिभेला गोड लागलं की शरीराला वाटतं साखर आली. ते इन्सुलिन सोडायला लागतं. किती वेळा सांगू तुम्हाला?"

एन्दाह कितीही रागावली तरी आईला तुम्हीच म्हणते. इथे जावातल्या जोग्जात भांडायचं तेही अदबीने.

वार्सिनाह चाळीस वर्षं गुदेग करून विकते. कोवळा फणस, माडाचा गूळ, नारळाचं दूध आणि रंगाला सागाची पानं. संध्याकाळी चूल पेटते आणि पहाटे दारात गिऱ्हाईक उभं असतं. जिभेवर एक थेंब ठेवून ती सांगायची, "गूळ कोकाप गावचा आहे, पण ह्यात पुर्वोरेजोचा मिसळलाय. बघतेच त्या दुकानदाराला." आणि दुकानदार मुकाट्याने कबूल व्हायचा.

मग तिला साखरेचा आजार निघाला. लेकीने आधी तिचा भात तोडला. अंडी, पालक आणि माझा टेंपे सुरू झाला. माझं तर फावलंच! चहात साखरेऐवजी खोट्या गोडीच्या पुड्या आल्या. वार्सिनाह नाक मुरडत का होईना, त्या प्यायला शिकली. वर्षभराने एन्दाहने फोनवरच्या कुठल्याशा पथ्यवाल्या मंडळीत वाचलं, की खोटं गोडही जिभेला खरंच वाटतं आणि शरीर फसतं. पुड्या गेल्या. त्यांच्यामागोमाग पळीने चव बघणंही गेलं.

मी एकदा वार्सिनाहला घेऊन आरोग्य केंद्रात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकेकाचं अंग वेगळं असतं. पण थेंबभर चाखण्यात घाबरण्यासारखं काही नाही."

"बापाकनाही डॉक्टर 'थोडं चालेल' असंच म्हणाले होते," एन्दाह वडिलांबद्दल म्हणाली. "थोडं थोडं करत पाय कापावा लागला. मग बापाकच गेले. मला दुसऱ्यांदा नाही बघायचं ते, यू तार्ती."

मला ती यू, म्हणजे ताई म्हणते. पोरगी दुष्ट असती तर चार शब्द सुनावले असते. ती नुसती घाबरलेली होती.

"रमजानात महिनाभर न चाखताच शिजवता ना?" ती आईला म्हणाली. "तसंच समजा."

"रमजानात संध्याकाळी बांग होते, न्दुक," वार्सिनाह म्हणाली. लाडात आली की ती लेकीला न्दुक म्हणते. त्या दिवशी लाड नव्हता. "ही बांग कधी व्हायची?"

एन्दाहने पळी घासायला घेतली.

चव बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी बान्युमासची. आम्हाला जोग्जाचा गुदेग म्हणजे मिठाईच वाटते. मी रोज म्हणायचे, "फार गोड झालंय." एन्दाहने स्वतः आईसोबत साखर सोडलेली, तिला कांदासुद्धा गोड लागायचा. शेवटी वार्सिनाह हाताच्या अंदाजाने गूळ टाकू लागली. पण माड काही वर्षभर एकसारखा गूळ देत नाही.

सात-आठ महिने कसेबसे निभले. मग एका सकाळी पाक हार्जोनो अर्धं पान तसंच ठेवून उठले. निवृत्त पोस्टमन, बावीस वर्षांचं गिऱ्हाईक. हात धुऊन हळूच म्हणाले, "बू, बरं नाहीये का तुम्हाला?"

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी वार्सिनाह दुपारी फणस चिरायलाही बसली नाही. एन्दाहनेच चिरला. हाताला तेल लावायचं ती विसरली आणि कोपरापर्यंत चिकाने बरबटली. तशाच हातांनी तिने हंडा चढवला, गूळ टाकला, आणि मग चुलीपुढे नुसती उभी राहिली.

तेवढ्यात मशिदीतून मग्रिबची, दिवस मावळल्याची बांग आली. एन्दाहने पळीभर रस काढला, फुंकून निववला आणि आईसमोर उकिडवी बसली.

"घ्या, बू," ती म्हणाली. "बांग झाली."

वार्सिनाहने आधी लेकीकडे पाहिलं, मग पळीकडे. थेंब जिभेवर घेतला आणि डोळे मिटले. मी वडी बांधायची थांबले. कोकाप की पुर्वोरेजो, एवढंच मला ऐकायचं होतं.

तिने जीभ टाळ्याला लावून पाहिली. पुन्हा एक थेंब घेतला. मग आणखी एक.

"सांगा ना, बू. कसं झालंय?"

वार्सिनाहने डोळे उघडले.

"गोड लागतंय. नुसतंच गोड," ती म्हणाली, आणि पळी लेकीच्या हातात परत दिली.